थोरलीची वरची कॉइल

१२ जानेवारी

ताई,

मायना काय लिहावा यातच माझी अर्धी सकाळ गेली. ‘प्रिय’ लिहिलं आणि खोडलं. ‘तीर्थरूप’ लिहिलं असतं तर तू पोट धरून हसली असतीस. शेवटी नुसतं ‘ताई’ ठेवलं. पत्ता आत्याकडून मिळाला. तिने आधी खूप आढेवेढे घेतले, तुला विचारल्याशिवाय देणार नाही म्हणाली, मग मी तिच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून दिल्यावर पाघळली. तिच्यावर रागावू नकोस. रागवायला मी आहेच.

काम आहे म्हणून लिहितोय. बत्तीस वर्षं गप्प बसलेला हा भोंगा आजच कसा वाजला, असं तुला वाटेल. (बाबांनी ठेवलेलं ते नाव अजून टिकून आहे. धक्क्यावर माझं खरं नाव आता कोणाला विचारलंस तर लोक डोकं खाजवतील.)

बाबांना थोरली चालू करून हवी आहे.

हो, आपलीच थोरली. त्या दोघी अजून शेडच्या मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली उभ्या आहेत. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेल्या, होडीच्या पाठीला अडकवायच्या, दोन-दोन सिलिंडरच्या जुळ्या मोटरी. आपल्याकडे पंधरा दिवस आधी आली म्हणून ही थोरली आणि मागून आली म्हणून ती धाकटी. इतकी वर्षं बाबा त्या कोपऱ्याकडे बघतही नव्हते. आणि परवा, सत्त्याऐंशी पुरी झाल्यावर, चहा पिता पिता म्हणाले, “थोरली ऐकायची आहे एकदा.”

ऐकायची म्हणजे काय, कान तर केव्हाच गेलेत. शेजारी उभं राहून बोंब मारली तर कुठे ‘काय?’ म्हणतात. पण मोटर चालू असली की तिच्या डोक्यावर डावा तळहात ठेवतात आणि हातानेच सगळं ओळखतात. परवा एका गिऱ्हाइकाची मोटर माझ्या कानाला ठणठणीत वाटत होती. बाबांनी हात ठेवला आणि म्हणाले, “खालचा प्लग काढ.” प्लग काळाकुट्ट निघाला. डॉक्टर म्हणतो, हृदय दमलंय, फार दगदग नको, मनाला धक्का नको. मी मान हलवतो.

तर घोडं इथे अडलंय. थोरलीच्या डोक्यावरचं जड चक्र उतरवलं, खाली बघतो तर ठिणगी देणाऱ्या दोन्ही कॉइल वाळून तडकलेल्या. धाकटीच्याही तशाच. नव्या मिळत नाहीत, तो कारखानाच राहिला नाही. पण या दोघींच्या दहा वर्षांनंतर निघालेली एक मोटर माझ्याकडे भंगारात पडली आहे. खालचं अंग पार मोडलंय, पण ठिणगी अजून निळी देते. तिची चक्राखालची प्लेट, प्लेटवरच्या कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, सगळं जसंच्या तसं उचलून थोरलीवर बसवलं तर चालेल का? स्क्रूची भोकं जुळतात. पण नुसती भोकं जुळून भागत नाही, हे तूच मला सांगायचीस.

विचारायला दुसरं कोणी उरलं नाही, ताई. या मोटरींच्या पोटात काय आहे ते ठाऊक असलेली माणसं तीन. त्यातल्या एकाला ऐकू येत नाही आणि दुसरा मी.

शेड तशीच आहे. पत्रे बदलले, टेबल तेच. पाण्याकडच्या खिडकीची काच तू पाना फेकून फोडली होतीस (माझ्या डोक्याच्या रोखाने), ती अजून तडकलेलीच आहे. दाराजवळची पाटीही आहे. मोटर पाण्याच्या पिंपात चालवून बघितली की तिचं नाव आणि किती मिनिटं चालली ते खडूने लिहायचं, तो शिरस्ता मोडलेला नाही. फक्त सगळ्यात वरची ओळ बाबा रिकामी ठेवायला लावतात. मी एकदा चुकून तिथे लिहिलं तर उठून फडक्याने पुसलं. म्हातारपणी माणसाला कशाचं काय वाटेल सांगता येत नाही.

बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल. प्लेटचं तेवढं कळव.

भोंगा

२ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. सात ओळी आहेत, मोजल्या. अक्षर पाटीवरचं होतं तेच, सगळे काने भिंतीला ओळंबा लावल्यासारखे सरळ. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी उंबऱ्यातच बसून वाचलं आणि तसाच बसून राहिलो. बायकोला वाटलं, कोणी गेलं की काय.

तू लिहितेस, ‘प्लेट बसेल, पण चक्र आणि प्लेट जोडीनेच बदल. नंतरच्या चक्रात लोहचुंबक वेगळ्या जागी आहेत. पॉइंटचा गॅप विसाच्या पात्याने लाव.’ इथपर्यंत ठीक. त्याच्या पुढचं मी किती वेळा वाचलं असेल! ‘यापुढे मोटरींचं मला विचारू नकोस. मी इथे शाळेच्या कचेरीत दाखल्यांवर शिक्के मारते. तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर हातात धरलेला नाही. जिला दोन कॉइलमधला फरक कळला नाही, तिला काय विचारतोस?’

शिक्के मारतेस? तू?

तुझे हात मला आठवतात. चक्राचा नट सैल केला की तू चक्र वर खेचायचा ओढणीपाना लावायचीस, मधला बोल्ट आवळत न्यायचीस आणि मग कान टवकारून थांबायचीस. मी म्हणायचो, हातोडा मार की एक. तू म्हणायचीस, “हातोडा तुझ्या डोक्यात मारीन. थांब, ते आपणहून सुटतं.” आणि खरंच, टक् असा आवाज यायचा आणि ते जड चक्र तुझ्या हातात अलगद यायचं. बाबांनाही इतक्या सफाईने जमायचं नाही. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, “माझी पोरगी पॉइंटला पातं लावते ना, तेव्हा श्वास धरते. हा भोंगा तेव्हाही बोलतो.”

ते पातं तू बरोबर घेऊन गेलीस, मला माहीत आहे. बाबांचं फीलर गेज, वेगवेगळ्या जाडीच्या पात्यांची जुडी, जिच्यातलं विसाचं पातं टोकाला वाकलेलं होतं. एवढंच घेऊन गेलीस.

आणि रंगाच्या त्या दोन डब्या आठवतात? थोरलीचा भाग लाल ठिपक्याचा, धाकटीचा निळ्याचा. भाग काढला की आधी ठिपका, मग पुढचं काम, कारण दोघींचे सगळे भाग एकमेकींना बसतात आणि बाबा म्हणायचे, बसतं म्हणून काय वाट्टेल ते बसवायचं नाही. आणि दुसरा नियम, दोन मोटरी एका टेबलावर एका वेळी उघडायच्या नाहीत. मला ते दोन्ही नियम तेव्हा म्हाताऱ्याचे चोचले वाटायचे. किती सुखाचे दिवस होते ते, ताई. खिडकीतून पाण्याचा उजेड छतावर हलायचा, तू टेबलाशी वाकलेली असायचीस, बाबा डब्यात स्क्रू शोधत पुटपुटायचे, आणि मी पिंपावर बसून पाय हलवत बडबडत असायचो. मला आता कोणी काहीही दिलं तरी त्याऐवजी मी त्यातली एक दुपार मागेन.

ताई, तू खरंच असं समजतेस? फरक तुला कळला नाही असं?

मला वाटत होतं, तुला ठाऊक आहे.

भोंगा

११ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र तसं तोडून टाकलं त्याबद्दल तू मला शिव्या घातल्या असशील. त्यानंतर तीन कागद फाडले. आता हा फाडणार नाही, कारण बायको समोर बसली आहे. तिला काल रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. ती जेवली नाही. आत्ता म्हणाली, “लिही. मी इथेच बसते.”

तू मला निदान एकदा तरी पत्र लिहून विचारशील, अशी मी वर्षानुवर्षं वाट बघितली. तू विचारलं नाहीस, म्हणून मी समजूत करून घेतली की तिला सगळं कळलेलं आहे आणि तिने आपली चूक पोटात घातली आहे. ही समजूत मला फार सोयीची होती. तू तिकडे स्वतःलाच दोष देत बसली असशील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. खरं म्हणजे मी येऊ दिलं नाही.

आता सरळ लिहितो.

त्या शुक्रवारी तू दोन्ही मोटरी एकाच टेबलावर उघडल्या होत्यास. नियम मोडून. धाकटीची वरची, म्हणजे वरच्या सिलिंडरची, कॉइल तापली की मरायची, वीस मिनिटांनी एक सिलिंडर बंद पडून ती लंगडत चालायची, आणि तुला थोरलीची चांगली कॉइल शेजारी ठेवून मीटर लावून बघायचं होतं. बघून झालं, जिची कॉइल तिच्याच जागी गेली. लाल थोरलीत, निळी धाकटीत. मी बघत होतो. मग थोरली पिंपात चालवलीस. पाणी गरम होऊ नये म्हणून नळी मी धरली होती. अर्धा तास, ताई. पूर्ण अर्धा तास. माझा हात भरून आला म्हणून मी कुरकुर केली आणि तू म्हणालीस, “अजून चार मिनिटं, मेला नाहीस.” मग तू पाटीवर वरच्या ओळीत लिहिलंस, ‘थोरली, ३० मि.’

रविवारी मला हिला दीपगृहापर्यंत फिरवून आणायचं होतं. हिच्याबरोबर हिचे वडील येणार होते, मुलगा कसा आहे ते बघायला. बाबांकडे थोरली मागितली तर म्हणाले, “ती ओढायच्या कामाची आहे, मिरवायची नाही. धाकटी ने.” दीपगृहाला जायला चाळीस मिनिटं. धाकटी वीस मिनिटांत लंगडणार आणि माझं लग्न तिथेच बुडणार. शनिवारी दुपारी तू आत्याकडे गेली होतीस, बाबा बाजारात होते. मी दोघींची चक्रं उतरवली आणि वरच्या कॉइल बदलल्या. लाल ठिपक्याची धाकटीत, निळ्याची थोरलीत. तासाभराचं काम होतं. तुझ्यासारखं टक् होईपर्यंत थांबलोही होतो, आणि शाबासकी द्यायला कोणी नाही म्हणून थोडं वाईटही वाटलं होतं.

धाकटी त्या रविवारी जी काय पळाली! सासरे खूश झाले. परत आल्यावर त्यांनी जेवायलाच ठेवून घेतलं. संध्याकाळी येऊन कॉइल जागच्या जागी करायच्या होत्या. उद्या सकाळी करू, म्हटलं.

सोमवारी सकाळी रेतीची एक होडी पुलाशी अडकली म्हणून बाबांना बोलावणं आलं. मी अंथरुणात होतो. थोरली सुरू झाल्याचा आवाज आला. मला कळलं, ताई. मी जागा होतो. उठून धक्क्यावर धावत जाऊन ओरडायला मला दोन मिनिटं लागली असती. मी हिशेब केला. पूल पंधरा मिनिटांवर, कॉइल मरते विसाव्या मिनिटाला, तेवढ्यात पोचतील, थंड होईल, परत येतील. असा हिशेब करून मी कुशीवर वळलो.

पुढचं तुला माहीत आहे. होडी ओढायला जोर लावला आणि ऐन प्रवाहात एक सिलिंडर गेलं. उरलेल्या एकाच्याने धार कापवेना, दोन्ही होड्या खांबावर आदळल्या, आणि मध्ये बाबांचा उजवा हात होता.

पट्टी बांधलेल्या हाताने शेडमध्ये येऊन त्यांनी थोरलीचं चक्र माझ्याकडून उतरवून घेतलं, तो दिवस मला रोज आठवतो. खाली निळा ठिपका. त्यांनी तुला विचारलं, “दोन्ही एकत्र उघडल्या होत्यास?” तू म्हणालीस, “हो. पण बसवून अर्धा तास चालवली.” बाबा म्हणाले, “ही कॉइल विसात मरते. अर्धा तास कशी चालेल? चूक होते माणसाची. खोटं बोलू नकोस.”

तू माझ्याकडे वळलीस. “नळी तू धरली होतीस ना? सांग की.”

आणि मी, ज्याचं तोंड झोपेतही बंद नसायचं, मी म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं.”

बाबांनी डाव्या हाताने पाटीवरची ती ओळ पुसली. चार दिवसांनी तू गेलीस.

तुझी चूक झाली नव्हती. थोरली अर्धा तास चालली होती. तुला फरक कळला होता, तुझ्या हातांना नेहमीच कळायचा. मी मूग गिळून बसलो, कारण लग्न ठरलं होतं, कारण बाबांचा हात बघवत नव्हता, कारण पहिल्या दिवशी बोललो नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड झालं. कारणं सांगायला बसलो तर माझ्याकडे बत्तीस वर्षांची आहेत. तू यातलं एकही ऐकून घेऊ नकोस.

बायको म्हणते, तिच्याकडूनही लिही. ती म्हणते, “त्या दीपगृहाच्या फेरीचं मी साऱ्या जगाला कौतुक सांगत आले. मला काय माहीत, मी काय सांगतेय.”

भोंगा

२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. या वेळी दोनच शब्द. ‘बाबांना सांगितलंस?’

नाही सांगितलं.

तू म्हणशील, ठाऊकच होतं. पण ऐक. डॉक्टर म्हणालाय, मनाला धक्का नको. मी रोज सकाळी ठरवतो आणि रोज बाबा चहाचा कप डाव्या हाताने उचलतात आणि माझं उसनं अवसान गळून पडतं. आज सांगितलं आणि उद्या त्यांचं काही झालं, तर? आणि नाही सांगितलं आणि उद्या काही झालं, तर तू कायमची खोटारडी राहिलीस. दोन्हीकडून माझीच मान अडकली आहे, आणि ती मीच अडकवून घेतली आहे.

मधल्या काळात एक शहाणपणा केला. तू स्पष्ट लिहिलं होतंस की चक्र आणि प्लेट जोडीनेच बदल. मी नुसती प्लेट बदलली. थोरलीच्या चक्रावर तिचा जुना लाल ठिपका आहे, ते भंगारात टाकायला जीव होईना. वाटलं, बघू तर खरं. दोरी चाळीस वेळा ओढली. खांदा सुजलाय. प्लग बाहेर काढून बघितला तर ठिणगी पिवळी, मलूल, असून नसल्यासारखी.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. मी घामाघूम होऊन बाजूला झाल्यावर उठले, वाकून चक्राच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, एक लोहचुंबक, दुसरा लोहचुंबक, मग प्लेटकडे बघितलं आणि म्हणाले, “ही प्लेट हिची नाही. भंगारातल्या मोटरीचं चक्र आण.” तू तिकडून लिहिलंस तेच, बघितल्याशिवाय. मी चक्र आणायला वळलो तेव्हा ते माझ्या पाठीमागे, ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तसं मोठ्याने, स्वतःशीच म्हणाले, “ती असती तर एव्हाना चालू केली असती.”

बत्तीस वर्षांत त्यांनी तुझा उल्लेख पहिल्यांदा केला. मी कपाटामागे जाऊन रडलो, ताई. छप्पन्न वर्षांचा घोडा, चक्र छातीशी धरून.

सांगतो. सांगितल्याशिवाय तुला आता पत्र टाकणार नाही.

भोंगा

९ मार्च

ताई,

सांगितलं.

कसं सांगितलं ते ऐक. मी ठरवलं होतं, शेजारी बसायचं, हात हातात घ्यायचा, हळू आवाजात, हवं तर दोन दिवसांत थोडं थोडं. सकाळी दहाला शेडचं दार पाण्याकडे सताड उघडं, बाबा टेबलाशी. मी जवळ बसलो आणि म्हणालो, “बाबा, त्या वेळी कॉइल ताईने नाही, मी बदलली होती.”

“काय?”

पुन्हा म्हणालो.

“मोठ्याने बोल!”

मग मी उभा राहिलो आणि ओरडलो. “कॉइल मी बदलली होती! ताईने नाही! मी!” धक्क्यावर जाळी सारखी करणारे चौघं जण मान वळवून बघायला लागले. बाबा कानामागे हात धरून, “कधी?” मी ओरडलो, “शनिवारी! मला दीपगृहाला जायचं होतं!” त्यांचे प्रश्न येत गेले आणि मी बोंबलत गेलो. जे मी बत्तीस वर्षं उशीखाली दाबून ठेवलं होतं, ते साऱ्या धक्क्याने ऐकलं. पलीकडच्या होडीतला माणूस तर इंजिन बंद करून ऐकत उभा राहिला. सकाळी मी जागा होतो, तेही सांगितलं. पंधरा मिनिटांचा नि वीस मिनिटांचा हिशेबही सांगितला. बायको दारात येऊन उभी होती.

मी बाबांच्या छातीकडे बघत होतो, श्वास चाललाय ना एवढंच. मग त्यांनी विचारलं.

“नळी कोणाच्या हातात होती?”

“माझ्या.”

“किती वेळ चालली?”

“अर्धा तास, बाबा. पूर्ण अर्धा तास.”

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मारलं नाही, शिवी दिली नाही. टेबलाला धरून उठले. मला वाटलं पडतील, मी पुढे झालो, तर माझा हात झटकून टाकला. तो एक झटका मला लागायचा तसा लागला. दाराजवळ गेले, डाव्या हाताने खडू उचलला, आणि पाटीच्या सगळ्यात वरच्या ओळीत, जी ते इतकी वर्षं मला वापरू देत नव्हते, तिथे लिहायला लागले. एकेक अक्षर लावायला त्यांना किती वेळ लागत होता! खडू दोनदा मोडला. ‘थोरली, ३० मि.’ लिहून झालं तेव्हा ते कपाळ पाटीला टेकवून उभे राहिले.

ती ओळ त्यांनी का रिकामी ठेवली होती, ते मी तेव्हाही विचारलं नाही. मला विचारायचा हक्क नाही. पण माझ्या मते पुसली त्याच दिवसापासून त्यांना ती टोचत असणार.

दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तब्येत उत्तम आहे, दोन्ही दिवस पोटभर जेवले, हे मुद्दाम लिहितो. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातला पाना काढून घेतला, थोरलीसाठी त्या भंगारातल्या मोटरीची प्लेट आणि चक्र दोन्ही समोर मांडून ठेवायला लावलं, जोडीनेच. मी पॉइंटला माझं पातं लावायला गेलो तर हातावर फटका मारला. मग माझ्याकडे कागद मागितला. मी म्हणालो, तुम्ही सांगा, मी लिहितो. नको म्हणाले. सकाळी बसले होते ते जेवणवेळेला उठले. हे त्यांनी स्वतः, डाव्या हाताने लिहिलेलं आहे. कागद सोबत जोडला आहे, पण अक्षर लागणार नाही, म्हणून खाली उतरवून देतो. एकही शब्द माझा नाही.

‘पोरी, थोरली अर्धा तास चालली होती. खोटं तू बोलली नव्हतीस. मी नीट विचारून न घेता पुसलं. थोरली उघडी ठेवली आहे. गॅप तू लाव. विसाचं पातं तुझ्याकडे आहे. मला घाई नाही, पण फार वेळही नाही. या भोंग्याला हात लावू देणार नाही.’

मी खरंच हात लावलेला नाही, ताई. चक्र टेबलावर उताणं ठेवलंय, वर स्वच्छ फडकं. नट आणि चक्र जागेवर धरणारी चावी डबीत. दोन्ही कॉइलवर तुझ्यासाठी ठिपका द्यायची जागा कोरी सोडली आहे. लाल रंग नवीन आणलाय, जुना दगड झाला होता.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तुझं तू बघ. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मी कोपऱ्यात उभा राहीन.

पिंप घासून पाण्याने भरून ठेवलंय. नळी मी धरतो.

भोंगा